परिस्थिती क्रमांक २१

पहाटे पाचच्या सुमाराला डझनभर सशस्त्र पॅलेस्टिनी ऑलिम्पिकच्या क्रीडाग्रामाच्या कुंपणावरून आत उड्या टाकतील. इस्रायलचं पथक राहतं त्या इमारतीत घुसतील. धाक बसावा म्हणून एक-दोघांना तिथेच ठार करतील. मग इस्रायलच्या तुरुंगातले कैदी सोडा आणि आम्हाला एखाद्या अरब राजधानीत न्यायला विमान द्या, अशी मागणी करतील. कैदी सुटले नाहीत तरी ऑलिम्पिकचं राजकीय व्यासपीठ त्यांच्या हाती आलेलं असेल. ते मरायच्या तयारीने येतील. शरण येतील, ही आशा कोणत्याही परिस्थितीत ठेवू नये.

हा सारांश आहे ‘परिस्थिती क्रमांक २१’चा. ५ सप्टेंबर १९७२ या दिवशी म्युनिकमध्ये जे घडलं, ते घडण्याच्या कितीतरी आधी तो कागदावर उतरला होता. लिहिणाऱ्याचं नाव गेओर्ग सीबर. ते म्युनिक पोलिसांचे मानसशास्त्रज्ञ होते.

गुन्हा घडल्यावर रक्ताचे डाग, जखमा, मागे राहिलेल्या वस्तू यांवरून गुन्हेगाराचा स्वभाव ओळखणाऱ्यांबद्दल आपण बरंच वाचतो, सिनेमातही पाहतो. न्यूयॉर्कचे मनोविकारतज्ज्ञ जेम्स ब्रसेल यांनी १९५६ मध्ये शहरात बॉम्ब ठेवत फिरणाऱ्या अज्ञात माणसाचं वर्णन पोलिसांना करून दिलं, तिथपासून या विद्येचा बोलबाला झाला. एफबीआयने क्वांटिकोच्या प्रबोधिनीत तिचा रीतसर विभाग काढला तो १९७२ मध्येच, म्हणजे म्युनिकच्याच वर्षी. सीबर यांचं काम मात्र याच्या उलट दिशेने चालायचं. गुन्हा अजून घडलेला नाही, गुन्हेगार अजून कुठल्यातरी दूरच्या गावात आहे, आणि त्याच्या डोक्यात शिरून तो कधी, कुठून, कशासाठी येईल हे आधी सांगायचं. मला हे काम जास्त अवघड वाटतं. घडून गेलेल्या गुन्ह्याला पुरावा असतो. न घडलेल्या गुन्ह्याचा पुरावा मागणाऱ्याला काय दाखवणार?

आधीची दहा वर्षं

जून १९६२. म्युनिकच्या श्वाबिंग भागात रस्त्यावर गिटार वाजवत बसलेल्या पोरांना हटवायला पोलीस गेले आणि पाच दिवस दंगल पेटली. लाठ्या खाणाऱ्यांमध्ये नुसते बघेही होते. या नाचक्कीतून शहराचे पोलीस शहाणे झाले. १९६३ मध्ये मानफ्रेड श्रायबर पोलीसप्रमुख झाले आणि जमावाशी डोकं शांत ठेवून वागण्याचा ‘म्युनिक मार्ग’ त्यांनी रुजवला. जर्मनीत पोलीस दलात मानसशास्त्रज्ञ नेमण्याची सुरुवातही याच शहराने केली. म्हणजे सीबर यांच्यासारख्या माणसाला दार उघडून देणारे श्रायबरच होते. पुढची गोष्ट वाचताना हे विसरू नये. त्यांना खलनायक ठरवून मोकळं होणं सोपं आहे आणि ते चूक आहे.

ऑलिम्पिक म्युनिकला मिळालं तेव्हा सुरक्षेची जबाबदारी श्रायबर यांच्याकडेच आली. संयोजकांच्या मनात एकच भीती होती, लोकांना १९३६ आठवायला नको. हिटलरच्या बर्लिनमधले ते खेळ, ते गणवेश, ते बूट. या वेळी जर्मनी हसरा दिसला पाहिजे. म्हणून बंदोबस्ताच्या माणसांना फिकट निळे कपडे दिले आणि हातात शस्त्र दिलं नाही. क्रीडाग्रामाला काटेरी तार लावली नाही. होतं ते जेमतेम दोन मीटर उंचीचं जाळीचं कुंपण. रात्री उशिरा परतणारे खेळाडू त्यावरून सर्रास उड्या मारत आणि रखवालदार दुसरीकडे पाहत.

अशा वातावरणात सीबर यांना सांगण्यात आलं की काय काय बिघडू शकतं, ते लिहून द्या. त्यांनी २६ परिस्थिती लिहिल्या. आयर्लंडचे, स्पेनच्या बास्क भागातले, पॅलेस्टाइनचे असे कोणकोणते सशस्त्र गट आहेत, प्रत्येकाची आजवरची रीत काय, त्याला हवं काय असतं आणि त्यासाठी तो किती किंमत मोजतो, यावरून एकेक प्रसंग त्यांनी रचला. त्यांतल्या एका प्रसंगात स्वीडनमधला एक अतिउजवा गट जेट विमान घेऊन भरलेल्या स्टेडियमवर येतो. १९७२ मध्ये हे वाचून लोक हसले असतील. २००१ नंतर कुणी हसणार नाही.

संयोजकांनी हे प्रसंग नाकारले. कारण उघड होतं. त्यांना तोंड द्यायचं तर भिंती, बंदुका, झडत्या आल्या, आणि मग हसऱ्या जर्मनीचं काय? गर्दी, दारुडे, किरकोळ भांडणं असं काहीतरी हलकं लिहून द्या, असं सीबर यांना सुचवण्यात आलं. उत्तराची सोय नाही म्हणून प्रश्नच बदलून मागायचा, ही गोष्ट आपल्या सरकारी कचेऱ्यांत खेटे घातलेल्या कुणालाही नवी वाटणार नाही.

आणखी एक इशारा मिळाला होता, तोही याच शहरात. ४ ऑगस्ट १९७१ रोजी म्युनिकमधल्या एका बँकेत दरोडेखोरांनी लोकांना ओलीस धरलं. रात्री पोलिसांनी गोळीबार केला. एक दरोडेखोर मेला आणि ओलीस ठेवलेली तरुणीही गेली. अंधारात लपून अचूक नेम धरणारी माणसं आपल्याकडे नाहीत, हे त्या रात्रीच कळलं होतं. पुढच्या तेरा महिन्यांत ती तयार झाली नाहीत.

१४ ऑगस्ट १९७२ रोजी बैरुतच्या जर्मन दूतावासात खबर आली की ऑलिम्पिकदरम्यान पॅलेस्टिनी काहीतरी घडवून आणणार आहेत. चार दिवसांनी परराष्ट्र खात्याने ती बव्हेरियाच्या यंत्रणेला कळवली. २ सप्टेंबरला इटलीतल्या ‘जेंते’ या साप्ताहिकातही पॅलेस्टिनींचा ‘ब्लॅक सप्टेंबर’ गट ऑलिम्पिकमध्ये काही खळबळजनक करण्याच्या बेतात आहे, असं छापून आलं. इस्रायली पथकाचे प्रमुख श्मुएल लाल्किन यांनी तर तळमजल्यावरच्या खोल्या नकोत, अशी तक्रार खेळ सुरू होण्यापूर्वीच केली होती. खोल्या बदलल्या नाहीत.

सोमवार, ४ सप्टेंबर, रात्र

इस्रायली खेळाडू नाटकाला गेले होते. ‘फिडलर ऑन द रूफ’, मुख्य भूमिकेत इस्रायली नट श्मुएल रोडेन्स्की. प्रयोगानंतर नटांबरोबर फोटो काढून मंडळी कोनोलीश्ट्रासवरच्या ३१ क्रमांकाच्या इमारतीत परतली. तलवारबाजीचा प्रशिक्षक आंद्रे श्पिट्झर नेदरलँड्समध्ये बायकोला आणि तान्ह्या मुलीला भेटायला गेला होता. परतीची गाडी चुकली होती. धावतपळत पुढची गाडी गाठून तो त्याच रात्री म्युनिकला पोहोचला आणि झोपला.

मंगळवार, ५ सप्टेंबर, पहाटे ४.१०

आठ माणसं कुंपणापाशी आली. अंगात खेळाडूंचे ट्रॅकसूट, खांद्यावर बॅगा. बॅगांत कलाश्निकोव्ह बंदुका आणि हातबॉम्ब. तिथेच काही खेळाडू रात्र बाहेर काढून परतत होते. त्यांना वाटलं, हेही आपल्यासारखेच उशीर झालेले. एकमेकांना हात देत, बॅगा उचलून देत सगळे कुंपण ओलांडून आत आले. मदत करणारे ते खेळाडू अमेरिकेचे होते, असं बरीच वर्षं मानलं जात होतं. पुढे कळलं की ते कॅनडाचे होते.

सीबर यांनी पाचची वेळ दिली होती आणि आठांऐवजी बाराजण धरले होते. बाकी कुंपण तेच होतं आणि इमारतही तीच.

पहाटे ४.३० च्या सुमारास

पहिल्या सदनिकेच्या दाराशी खुडबुड झाली. कुस्तीचे पंच योसेफ गुटफ्रॉइंड जागे झाले. दार किलकिलं होऊन फटीतून बंदुकीची नळी दिसली तसं त्यांनी आपलं सगळं अवजड अंग दारावर टाकलं आणि ओरडून बाकीच्यांना उठवलं. पलीकडून लोखंडी नळ्यांनी दार रेटलं जात होतं. ते काही सेकंद त्यांनी थोपवून धरले. तेवढ्यात वेटलिफ्टिंगचे प्रशिक्षक तुविया सोकोल्स्की यांनी मागची खिडकी फोडली आणि अनवाणी पळ काढला. मागून गोळ्या आल्या, पण ते वाचले.

कुस्तीचे प्रशिक्षक मोशे वाइनबर्ग हल्लेखोरांच्या अंगावर गेले. गोळी त्यांच्या गालातून आरपार गेली. त्या अवस्थेत त्यांना पुढे घालून बाकीच्या खोल्या दाखवायला लावलं. ते दुसऱ्या सदनिकेवरून सरळ पुढे निघून गेले. त्या सदनिकेत झोपलेले सगळे वाचले. त्यांत शॉल लादानी हे चालण्याच्या शर्यतीचे खेळाडू होते. लहानपणी नाझींच्या बेर्गन-बेल्झन छळछावणीतून जिवंत सुटलेला हा माणूस जर्मन भूमीवर दुसऱ्यांदा वाचला. वाइनबर्ग हल्लेखोरांना घेऊन गेले ते तिसऱ्या सदनिकेकडे, पैलवान आणि वेटलिफ्टर राहत होते तिथे. हे गडी भिडतील, असं त्यांच्या मनात असावं, असं मागे राहिलेल्यांना वाटत आलं आहे. पण ती मंडळी झोपेतून उठत होती.

सगळ्यांना घेऊन परतताना पैलवान गाद त्सोबारी तळघराच्या जिन्याने निसटला. वाइनबर्ग पुन्हा एकदा भिडले आणि ठार झाले. गुडघा दुखावल्यामुळे कुबड्यांवर चालणारे वेटलिफ्टर योसेफ रोमानो बंदुकीवर झेपावले. त्यांनाही मारलं. त्यांचा मृतदेह दिवसभर त्याच खोलीत, बांधून ठेवलेल्या सोबत्यांच्या समोर ठेवला होता.

एक-दोघांना ठार करतील, असं कागदावर होतं. दोघं गेले. नऊजण ओलीस राहिले.

पहाटे ५ नंतर

वाइनबर्ग यांचा मृतदेह दाराबाहेर टाकला गेला. सज्जातून टंकलिखित कागद खाली आले. इस्रायलच्या तुरुंगातले २३४ कैदी सोडा, जर्मनीच्या कैदेतले अतिडावे दहशतवादी आंद्रेआस बाडर आणि उलरिके माइनहॉफ यांनाही सोडा. मुदत सकाळी नऊ.

सकाळ

श्रायबर, बव्हेरियाचे गृहमंत्री ब्रूनो मेर्क आणि केंद्रीय गृहमंत्री हान्स-डीट्रिख गेन्शर यांची समिती बसली. दाराशी बोलायला येणारा म्होरक्या स्वतःला ‘इसा’ म्हणवत होता. डोक्यावर पांढरी टोपी, तोंडाला काळं पॉलिश आणि हातात हातबॉम्ब. त्याच्याशी बोलायला आनेलीझे ग्रेस ही महिला पोलीस अधिकारी पुढे झाली. जर्मनीने हवा तेवढा पैसा देऊ केला. गेन्शर, श्रायबर यांनी ओलिसांच्या बदल्यात स्वतःला देऊ केलं. इसाने दोन्ही नाकारलं. इस्रायलच्या पंतप्रधान गोल्डा मेयर यांनी कैदी सोडायला ठाम नकार दिला.

आणि सीबर? त्यांनी नेमका हाच दिवस अभ्यासला होता. समोरचा माणूस पैशाने विकला जाणार नाही, शरण येणार नाही, मरायला तयार आहे, हे त्यांच्या कागदावर होतं. त्यांनाच सांगण्यात आलं की आता गोल्डा मेयर यात आल्या आहेत, हा विषय मानसशास्त्राचा राहिला नाही, राजकारणाचा झाला. सीबर यांनी पोलिसांचं काम सोडलं, घरी गेले आणि उरलेला दिवस टीव्हीवर पाहिला.

इथे मला थांबावंसं वाटतं. ते तिथे राहिले असते तर नऊजण वाचले असते, असं मी म्हणणार नाही, तसं कुणालाच म्हणता येणार नाही. पण समोरच्याच्या मनाचा विचार करायला पगार देऊन ठेवलेल्या एकमेव माणसाला, समोरच्याच्या मनाखेरीज काहीच हाती नसलेल्या दिवशी बाजूला सारलं गेलं. त्यानंतरच्या प्रत्येक तासात कुणीतरी इसाबद्दल अंदाज करत होतं, आणि प्रत्येक अंदाज त्याला दमवण्याचा, फसवण्याचा, घाबरवण्याचा होता.

दुपार

नऊची मुदत बाराची झाली, मग एक, मग तीन, मग पाच. प्रत्येक वेळी वरून सांगायचं की इस्रायल विचार करतंय. काही अंतरावर खेळ चालूच होते. क्रीडाग्रामातही लोक ऊन खात पडले होते, टेबल टेनिस खेळत होते. दोघांचे खून होऊन जवळजवळ बारा तास झाल्यावर, दुपारी चारच्या आसपास, स्पर्धा थांबवल्याचं जाहीर झालं.

दुपारी ४.३० ते ५

ट्रॅकसूट घातलेले पोलीस मशीनगन घेऊन इमारतीच्या गच्चीवर चढले. या मोहिमेला नाव होतं ‘सूर्यप्रकाश’. हवा खेळवायच्या झडपांतून आत उतरायचं, असा बेत. यातल्या कुणालाही असल्या कामाचं शिक्षण नव्हतं. समोर टेकडीवर हजारोंची गर्दी बघत होती, आणि टीव्हीचे कॅमेरे हे सगळं थेट दाखवत होते. ओलिसांच्या खोलीत टीव्ही होता. इसा बाहेर आला, गच्चीकडे बोट दाखवून ओरडला आणि पोलिसांना उतरावं लागलं. खोलीतला टीव्ही बंद करायचं दिवसभरात कुणालाही सुचलं नव्हतं.

नोव्हेंबर २००८ चे ते तीन दिवस ज्यांनी मुंबईत काढले त्यांना हे वाचून काय वाटेल, ते वेगळं सांगायला नको. ताज आणि नरिमन हाऊसभोवतीच्या कमांडोंच्या हालचाली वाहिन्यांवर दिसत होत्या आणि पाकिस्तानात बसलेले सूत्रधार त्या पाहून फोनवर सूचना देत होते. २०१२ मध्ये कसाबच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले. म्युनिकनंतर छत्तीस वर्षांनीही आपण तिथेच होतो.

संध्याकाळी ५ नंतर

इसाने मागणी बदलली. आम्हाला आणि ओलिसांना कैरोला न्या. विमानाची मागणी सीबर यांच्या कागदावर होतीच. ओलीस जिवंत आहेत ना, हे पाहू द्या, असं जर्मनांनी म्हटलं. आंद्रे श्पिट्झर खिडकीत दिसला. अंगात पांढरं बनियन, हात बांधलेले. बोलता बोलता त्याला बंदुकीच्या दस्त्याने मारून आत ओढलं. मग गेन्शर आणि क्रीडाग्रामाचे महापौर वाल्टर ट्रोगर यांना आत सोडलं. त्यांनी बांधलेली माणसं पाहिली, भिंतीवरचं रक्त पाहिलं. बाहेर आल्यावर विचारण्यात आलं, हल्लेखोर किती? ते म्हणाले, चार किंवा पाच.

ही मोजणी नव्हती. हादरलेल्या दोन माणसांचा तो ओझरता अंदाज होता. पण रात्रीचा सगळा बेत या आकड्यावर रचला गेला.

रात्री ८.३० च्या सुमारास

चॅन्सेलर विली ब्रांट यांनी कैरोला फोन लावला. अध्यक्ष सादात भेटले नाहीत. पंतप्रधान अझीझ सिदकी यांनी यात पडायला नकार दिला. आता विमान खरंच उडू द्यायचं नाही, हे पक्कं झालं. गाठायचं ते विमानतळावर. जागा ठरली शहराच्या पश्चिमेचा फ्युर्स्टनफेल्डब्रुक इथला हवाई दलाचा तळ.

रात्री १० नंतर

ओलिसांना तळघरातून हेलिकॉप्टरकडे चालत न्यायचं आणि वाटेत लपलेल्या पोलिसांनी झडप घालायची, असा एक बेत होता. इसाने आधी स्वतः रस्ता तपासून घेतला, लपलेली माणसं त्याला दिसली, आणि त्याने बस मागितली. एकमेकांना बांधलेले, डोळ्यांवर पट्ट्या असलेले नऊजण बसमध्ये चढले. त्यांच्याबरोबर हल्लेखोर. पहिल्यांदाच सगळे एका जागी दिसले आणि मोजता आले.

ते आठ होते.

पहाटेपासून अठरा तास झाले होते. आणि ही गोष्ट तळावर दबा धरून बसलेल्या नेमबाजांना कुणी कळवली नाही.

रात्री १०.३०

दोन हेलिकॉप्टर धावपट्टीजवळ उतरली. एकात चार ओलीस, दुसऱ्यात पाच. नेमबाज पाच होते, कारण हल्लेखोर पाच धरले होते. ते नेहमीचे पोलीस होते. बंदुकांना रात्रीची दुर्बीण नाही, डोक्यावर लोखंडी टोप नाही, अंगात चिलखत नाही. एकमेकांशी बोलायला वॉकीटॉकी नाही, त्यामुळे कुणी कुणावर नेम धरायचा, हे ठरवणंच शक्य नव्हतं. लष्कराला देशांतर्गत कारवाईत उतरवायला राज्यघटनेची आडकाठी होती आणि कायदा-सुव्यवस्था राज्याच्या हाती होती.

धावपट्टीवर लुफ्थान्साचं बोइंग ७२७ उभं होतं. त्यात विमान कर्मचाऱ्यांच्या वेषात पोलीस बसवले होते. पाहणीला येणाऱ्या दोघांना त्यांनी आत धरायचं. हेलिकॉप्टर पोहोचायच्या थोडं आधी त्या पोलिसांनी आपसांत मत घेतलं आणि हे आत्महत्येसारखं आहे, असं ठरवून ते विमानातून उतरून निघून गेले. वरिष्ठांना विचारलं नाही. त्यांना भेकड म्हणायला माझी जीभ रेटत नाही. न शिकवलेलं काम अंगावर टाकलेली ती साधी माणसं होती. पण सापळ्याचं दारच आता उरलं नव्हतं.

इसा आणि त्याचा साथीदार विमान पाहायला चढले. विमान रिकामं होतं. एका नजरेत त्यांना सगळं कळलं आणि ते हेलिकॉप्टरकडे धावत सुटले. पोलिसांनी गोळीबार सुरू केला.

पहिल्याच फैरीत सगळे पडायला हवे होते. पडले नाहीत. उरलेल्यांनी दिवे फोडले, हेलिकॉप्टरच्या आडोशाला गेले आणि उलट गोळ्या झाडू लागले. तळाच्या नियंत्रण मनोऱ्यापाशी म्युनिकचा पोलीस आंटोन फ्लीगरबाउअर मारला गेला. एक नेमबाज आपल्याच माणसांच्या गोळीने जखमी झाला. हेलिकॉप्टरमध्ये नऊजण आसनांना बांधलेले होते. गोळ्या डोक्यावरून जात होत्या आणि त्यांना वाकताही येत नव्हतं.

चिलखती गाड्या उशिरा मागवल्या गेल्या. त्या वाटेत गर्दीत अडकल्या. काय चाललंय ते बघायला गाड्या काढून निघालेल्या लोकांची ती गर्दी होती.

रात्री ११.३०

ओलीस सुखरूप सुटले, अशी बातमी जगभर गेली. सरकारी प्रवक्त्यानेही समाधान व्यक्त केलं. इस्रायलमध्ये सकाळची वर्तमानपत्रं तोच मथळा घेऊन छापखान्यात गेली. त्या वेळी गोळीबार चालूच होता.

६ सप्टेंबर, मध्यरात्र उलटून काही मिनिटं

चिलखती गाड्या पोहोचल्या. त्या दिसताच एका हल्लेखोराने पहिल्या हेलिकॉप्टरमधल्या चौघांवर गोळ्या झाडल्या आणि आत हातबॉम्ब टाकला. हेलिकॉप्टर पेटलं. दुसऱ्यातल्या पाचजणांना गोळ्या घालून मारलं. क्लीव्हलँडहून इस्रायलला गेलेला वेटलिफ्टर डेव्हिड बर्गर गोळ्यांनी मेला नव्हता. त्याचा जीव धुराने गेला.

त्या दोन हेलिकॉप्टरमधली नऊ नावं: याकोव श्प्रिंगर, एलीएझर हाल्फिन, झीव फ्रीडमन, डेव्हिड बर्गर, योसेफ गुटफ्रॉइंड, केहात शोर, मार्क स्लाविन, आंद्रे श्पिट्झर, अमित्सूर शपिरा. स्लाविन अठरा वर्षांचा होता. सोव्हिएत संघातून इस्रायलला येऊन त्याला काही महिनेच झाले होते आणि तो इथे पहिल्यांदा ऑलिम्पिकची कुस्ती खेळायला आला होता.

आठ हल्लेखोरांपैकी पाच ठार झाले, तिघं पकडले गेले. शरण येणार नाहीत, हे बऱ्याच अंशी खरं ठरलं.

पहाटे ३ नंतर

खरी बातमी जाहीर झाली.

सकाळी १०

ऑलिम्पिक स्टेडियममध्ये ऐंशी हजारांची शोकसभा भरली. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे अध्यक्ष एव्हरी ब्रंडेज यांनी खेळ चालूच राहिले पाहिजेत, असं जाहीर केलं.

नंतर

पकडलेले तिघं आठ आठवडेही आत राहिले नाहीत. २९ ऑक्टोबरला लुफ्थान्साचं एक विमान पळवण्यात आलं आणि त्या बदल्यात जर्मनीने तिघांना सोडून दिलं.

बैल गेला आणि झोपा केला, असं आपण म्हणतो, पण निदान झोपा तरी पक्का बांधला गेला. काही आठवड्यांतच जर्मनीने जीएसजी ९ हे खास पथक उभारलं. त्याची धुरा उलरिख वेगनर यांच्याकडे आली. फ्युर्स्टनफेल्डब्रुकच्या रात्री ते गेन्शर यांचे सहायक म्हणून हजर होते. १८ ऑक्टोबर १९७७ रोजी मोगादिशूच्या विमानतळावर याच पथकाने पळवलेल्या विमानातले सगळे ओलीस जिवंत बाहेर काढले. न्यूयॉर्क पोलिसांनीही म्युनिक पाहून हालचाल केली. हार्वी श्लॉसबर्ग हे मानसशास्त्राची पदवी घेतलेले डिटेक्टिव्ह आणि फ्रँक बोल्झ यांनी ओलीसधारकांशी वाटाघाटी करण्याचं शास्त्र बसवलं. आज जगभरात ओलीसनाट्याच्या वेळी दाराशी बोलणाऱ्याच्या मागे मन वाचणारा माणूस बसवतात, ती रीत तिथून आली. सीबर यांना ज्या खुर्चीवरून उठवलं, ती खुर्ची पुढे कायमची झाली.

म्युनिकबद्दल लिहिणारे बहुतेक लोक त्या रात्रीच्या नेमबाजांबद्दल लिहितात. माझ्या मते पराभव नेमबाजांचा नव्हता. संयोजकांनी सव्वीस कागद बाजूला सारले, त्या दिवशीच तो झाला. भविष्य कुणालाच दिसत नाही, असं म्हणून तिथल्या अधिकाऱ्यांना सुटता येत नाही, कारण त्यांच्यातल्याच एकाला ते पुरेसं दिसलं होतं आणि त्याने ते वेळेवर लिहून दिलं होतं.

मृतांच्या नातेवाइकांना कागदपत्रं मिळवायलाच वीस वर्षं लागली. त्यांत आंद्रे श्पिट्झरची पत्नी आंकी सगळ्यांत पुढे होती. बैरुतहून आलेल्या इशाऱ्याची बातमी ‘डेर श्पीगल’ने छापली ती २०१२ मध्ये, चाळीस वर्षांनी. २०२२ मध्ये जर्मनीने कुटुंबांना २ कोटी ८० लाख युरोंची भरपाई मान्य केली. आणि ५ सप्टेंबर २०२२ रोजी, बरोबर पन्नास वर्षांनी, राष्ट्राध्यक्ष फ्रांक-वाल्टर श्टाइनमायर फ्युर्स्टनफेल्डब्रुकच्या त्याच तळावर उभे राहिले आणि खेळाडूंचं रक्षण न केल्याबद्दल त्यांच्या कुटुंबांची त्यांनी माफी मागितली.